हिमावरची पाउले : कैलासाच्या वाटेचा एक मराठी अध्याय

पुण्याच्या सोमवार पेठेत, नागझरीच्या काठी, त्रिशुंड गणपतीचे काळ्या पाषाणाचे देऊळ आहे. १७५४ ते १७७० या काळात ते भीमजीगिरी गोसावी यांनी बांधविले. देवळाच्या दर्शनी भागावर साखळदंडाने जखडलेला एक गेंडा कोरलेला आहे. गेंडा हे काही मुळामुठेच्या काठचे जनावर नव्हे. तो ज्यांच्या ओळखीचा होता, त्या लोकांची ही वस्ती होती. गोसावीपुरा हे तिचे नाव आजही जुन्या पुणेकरांच्या तोंडी आहे. या गोसाव्यांच्या एका खांद्याला झोळी आणि दुसऱ्या खांद्याला हुंडीची वही असे. ते पेशव्यांच्या सरदारांना कर्जे देत, शालजोड्यांचा आणि जवाहिराचा व्यापार करीत, आणि तीर्थयात्रेच्या निमित्ताने अशा मुलखात जाऊन येत की ज्याचे नाव शनिवारवाड्यातील कारकुनालाही नीट लिहिता आले नसते.

पुरंगीर नावाचा असाच एक गोसावी १७७४ साली जॉर्ज बोगल याच्याबरोबर तिबेटात पंचेन लामांकडे गेला होता, आणि पुढे त्याच लामांच्या सोबतीने तो पेकिंगपर्यंत पोहोचला. प्राणपुरी या ऊर्ध्वबाहू संन्याशाचे प्रवासवृत्त जोनाथन डंकन यांनी काशीस रेसिडेंट असताना लिहून घेतले. हेच डंकनसाहेब पुढे १७९५ पासून १८११ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर होते. प्राणपुरीच्या त्या वृत्तात मानससरोवर आहे. दोन्ही हात आयुष्यभर वर उभारून ठेवलेला माणूस हिमालयाची खिंड कशी ओलांडतो, हा विचार मनात आला म्हणजे आपल्या पर्यटनाच्या सगळ्या गोष्टी जरा खुज्या वाटू लागतात. १८१२ साली विल्यम मूरक्रॉफ्ट आणि हिअर्सी या दोघा साहेबांना मानससरोवराकडे जायचे होते, तेव्हा त्यांनी वेष घेतला तो गोसाव्याचाच. वाट कोणाची होती, हे वेष घेणाऱ्याने परस्पर सांगून टाकले, असे म्हणावयास हरकत नाही.

आजच्या विषयाचा आरंभ गोसाव्यांपासून करण्याचे कारण हे की, हिमालयातील पदभ्रमणाचा इतिहास आपण सामान्यपणे इंग्रजांच्या मोजणीखात्यापासून सुरू करतो आणि एव्हरेस्टवर संपवितो. त्या इतिहासात मराठी माणूस फार उशिरा, म्हणजे १८ मे १९९८ रोजी, पुण्याचे सुरेंद्र चव्हाण तिबेटच्या बाजूने एव्हरेस्टच्या माथ्यावर उभे राहिले तेव्हा दाखल होतो. त्यानंतर २०१२ साली पुण्याच्याच 'गिरिप्रेमी' संस्थेच्या आठ गिर्यारोहकांनी तो माथा गाठला. ही कामगिरी मोठी आहे आणि तिचे मोल मला कमी करावयाचे नाही. परंतु बर्फावरून चालण्याचा इतिहास हा माथ्यांच्या इतिहासाहून पुष्कळ जुना आणि पुष्कळ रुंद आहे. त्यात एक मराठी अध्याय आहे, आणि तो आपल्यापेक्षा एका आयरिश कवीने अधिक आस्थेने वाचला.

आधी बर्फाविषयी थोडेसे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला बर्फ ठाऊक नसते. माघातल्या पहाटे सिंहगडावर दहिवर पडते, महाबळेश्वरी वेण्णा तळ्याच्या काठी कधी गवतावर पांढरा थर धरतो, एवढीच आपली थंडीची मजल. त्यामुळे उभ्या चढाची भीती आपल्याला कळते, पण सपाट जागेची भीती कळत नाही. ताज्या हिमाच्या मैदानात माणूस गुडघ्यापर्यंत, मांडीपर्यंत, प्रसंगी छातीपर्यंत रुततो, आणि एकेक पाऊल उपसून काढताना तासाभरात त्याची शक्ती संपते. यावर उपाय एकच. शरीराचा भार अधिक जागेवर पसरावयाचा. आपल्याकडे खाचरात चिखलणीच्या वेळी फळीवर उभे राहणारा माणूस रुतत नाही, त्याच न्यायाने पायाला रुंद काहीतरी बांधावयाचे.

ही युक्ती फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व ४०१-४०० च्या हिवाळ्यात झेनोफन आपल्या ग्रीक सैन्यासह आर्मेनियाच्या डोंगरांतून परतत होता. तेथील एका गावच्या मुखियाने त्याला सांगितले की, घोड्यांच्या खुरांना लहान पिशव्या बांधा, नाहीतर ती पोटापर्यंत रुततील. पुढे स्ट्रेबो या भूगोलकाराने कॉकेशस पर्वतातील लोकांविषयी लिहिले की, ते डफासारखी रुंद, कच्च्या कातड्याची आणि खाली खिळे मारलेली पादत्राणे बांधून शिखरे चढतात. एकाच पादत्राणात न रुतण्याची आणि न घसरण्याची अशी दोन्ही सोय होती. उत्तर अमेरिकेतील मूळच्या लोकांनी लाकडी चौकटीवर कातड्याच्या वाद्या विणून हीच कल्पना पूर्णत्वास नेली, आणि तेथे आजही हिवाळ्यात माणसे ती हिमपादत्राणे घालून, वर्दळ नसलेल्या डोंगरमाथ्यांवर केवळ हौसेखातर जातात. आपल्या हिमालयात मात्र जोर राहिला तो न घसरण्यावर. काश्मिरात भाताच्या पेंढ्याची विणलेली 'पुलहोर' गोठलेल्या वाटेवर उत्तम पकड देते. पण ताज्या हिमात तिचा उपयोग बेताचाच. याचा परिणाम असा की, हिमालयातील माणसाने हिवाळ्याशी झुंज घेतली नाही. त्याने खिंडी बंद झाल्या असे म्हटले, मेंढरे खाली उतरविली आणि वैशाखाची वाट पाहिली. यात भित्रेपणा नव्हता. त्या प्रदेशाचे ते व्यवहारज्ञान होते, आणि ज्यांनी ते मानले नाही त्यांचे काय झाले हे पुढे येईलच.

कैलास हे शिखर ६,६३८ मीटर, म्हणजे सुमारे २१,८०० फूट उंच आहे. हिमालयाच्या मोजमापात ही उंची मोठी नव्हे. जवळच मानससरोवरापलीकडे उभा असलेला गुर्ला मांधाता त्याच्याहून हजार मीटरने उंच आहे. पण हिंदूंना तो शिवाचा, बौद्धांना चक्रसंवराचा, जैनांना ऋषभदेवांच्या निर्वाणाचा अष्टापद आणि तिबेटातील बोन-पंथीयांना त्यांच्या आदिगुरूचा पर्वत आहे. त्याच्या भोवतीची परिक्रमा सुमारे ५२ किलोमीटरांची असून तिचा सर्वांत उंच टप्पा म्हणजे साडेअठरा हजार फुटांवरील डोल्मा खिंड. या खिंडीच्या पलीकडच्या उतारावर, वाटेच्या खालच्या अंगाला, गौरीकुंड हे लहानसे तळे आहे. भर उन्हाळ्यातही त्यावर बर्फाची साय असते.

या मुलखात हिवाळ्यात जाण्याचे धाडस कोणी केले? युरोपियनांपैकी कैलासाचे पहिले वर्णन ज्याने लिहिले तो इटालियन पाद्री इप्पोलितो देसिदेरी १७१५ सालच्या हिवाळ्यात तेथून गेला. लेहहून तो ऑगस्टात निघाला आणि ल्हासाला १८ मार्च १७१६ रोजी पोहोचला. एका मंगोल राजविधवेचा मोठा काफिला सोबतीस मिळाला म्हणूनच तो व त्याचा साथीदार जिवंत राहिले. नेहमी ढगांत आणि हिमात बुडालेला हा भयाण पर्वत आणि त्याच्या पायथ्याशी कित्येक दिवस चालून प्रदक्षिणा करणारी माणसे, दोन्ही त्याने टिपली आहेत. परधर्माच्या या मिशनऱ्याने प्रदक्षिणेची थट्टा केली नाही, हे नमूद करावेसे वाटते.

दुसरे नाव जोरावरसिंगाचे. जम्मूच्या गुलाबसिंगाचा हा सेनापती लढाख जिंकल्यावर १८४१ च्या उन्हाळ्यात पश्चिम तिबेटात शिरला. रुडोक, गारटोक, ताकलाकोट अशी ठाणी त्याने भराभर घेतली. मग हिवाळा आला. खिंडी बंद झाल्या, रसद तुटली, आणि मैदानी मुलखातील शिपाई त्या थंडीत उभे राहिले. अलेक्झांडर कनिंगहॅमने लिहून ठेवले आहे की, ऊब मिळावी म्हणून त्यांनी आपल्या बंदुकांचे लाकडी दस्ते जाळले. अनेकांच्या हातापायांची बोटे गेली होती. १२ डिसेंबर १८४१ रोजी ताकलाकोटजवळ जोरावरसिंग ठार झाला आणि त्याचे सैन्य नष्ट झाले. पानिपतावरचे आपले सैन्य थंडीने आणि उपासमारीने कसे खंगले होते हे ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा प्रसंग अधिक सांगावयास नको. फरक एवढाच की पानिपताची उंची सातशे-आठशे फूट आहे आणि ताकलाकोटची तेरा हजार.

तिसरा माणूस मात्र हिवाळ्यात राहिला आणि आनंदाने राहिला. स्वामी प्रणवानंद हे आंध्रातील संन्यासी. मानससरोवराच्या काठी थुगोल्हो गोंपात त्यांनी १९३६-३७ चा संपूर्ण हिवाळा काढला. तळे गोठण्यापूर्वी होणारे आवाज, गोठल्यावर बर्फाला पडणाऱ्या भेगा, तपमान, वारा, या सर्वांची नोंद त्यांनी रोजच्या रोज केली. भक्ताने थर्मामीटर वाचावा हे काहींना विसंगत वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या तळ्यावर आपली श्रद्धा आहे, ते किती तारखेला गोठते हे जाणून घेणे हीही एक प्रकारची सेवाच आहे.

आता मराठी अध्यायाकडे वळू.

महाराष्ट्रात शिखरांचा मालक देव कोणता, असे विचारले तर उत्तर दत्तात्रेय असे द्यावे लागेल. काशीला स्नान, कोल्हापुरास भिक्षा आणि माहुरास निद्रा अशी ज्याची दिनचर्या लोकांनी सांगितली, तो देव एका देवळात मावणारा नव्हेच. माहूरचे शिखर त्याचे, गिरनारचे शेवटचे टोक त्याचे, अबूच्या पहाडावरील गुरुशिखर, जे सर्व अरवलीत उंच आहे, तेही त्याचेच. आणि या सर्व ठिकाणी माथ्यावर बहुधा मूर्ती नसते, पादुका असतात. देव येथे उभा होता आणि पुढे गेला, एवढाच त्या पादुकांचा अर्थ. शिखर जिंकण्याची भाषा या परंपरेत बसतच नाही. तेथे पोहोचलेल्या माणसाला कळते ते इतकेच की, आपल्या आधी कोणीतरी येऊन गेले आहे.

या परंपरेत वाढलेले भगवान श्रीहंस हे एक मराठी साधू. नाटेकर हे त्यांचे घराण्याचे नाव. त्यांचे शिष्य श्रीपुरोहितस्वामी, मूळचे शंकर गजानन पुरोहित, हे १८८२ साली वऱ्हाडात बडनेऱ्यास जन्मले, अमरावतीत वाढले, कलकत्ता विद्यापीठाची पदवी आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात व मुंबईत कायद्याचे शिक्षण घेऊन वकिली न करता गुरूच्या मागे लागले. १९०७ साली दोघांची गाठ पडली. गुरुशिष्यांच्या वयात फारसे अंतर नव्हते, आणि दोघांचेही दैवत दत्त.

१९०८ साली श्रीहंस कैलासाकडे निघाले. हेतू तीर्थस्नानाचा नव्हता. दत्तात्रेयांचे सगुण, सदेह दर्शन व्हावे आणि त्यांच्याकडूनच दीक्षा मिळावी, नाहीतर तेथेच देह ठेवावा, असा त्यांचा निश्चय होता. डोंगरी वाटेने, भोटिया लोकांच्या संगतीने आणि लुटारूंच्या तावडीतून सुटून ते मानससरोवरास व तेथून कैलासास पोहोचले. गौरीकुंडाच्या काठी ते एकटे बसले. पहिल्या रात्रीचे त्यांनी केलेले वर्णन अतिशय साधे आहे. थंडी, वारा, सतत पडणारे हिम, भूक आणि एकांत यांनी मन हैराण झाले, शरीर बधिर झाले आणि बर्फ छातीपर्यंत चढले, असे ते सांगतात. तीन दिवसांच्या या बैठकीनंतर कुंडावरचे बर्फ भंगले आणि दत्तात्रेयांनी दर्शन देऊन त्यांना दीक्षा दिली, असे त्यांचे निवेदन आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने या निवेदनाचे काय करावे? दोन सोपे मार्ग आहेत आणि दोन्ही मला नापसंत आहेत. एक म्हणजे, साडेअठरा हजार फुटांवर प्राणवायू कमी, पोटात अन्न नाही, शरीर गारठलेले, तेव्हा भास होणारच, असे म्हणून पुस्तक मिटणे. उंचावर एकाकी पडलेल्या गिर्यारोहकांना अदृश्य सोबत्याचा भास होतो हे खरे आहे. १९३३ साली एव्हरेस्टवर एकट्या चढणाऱ्या फ्रँक स्माइदने बरोबर कोणी नसताना खाऊचा तुकडा मोडून शेजाऱ्यापुढे धरला होता. पण त्या खुलाशाने श्रीहंस तेथे का गेले हे समजत नाही, आणि माणसे का जातात हाच तर इतिहासाचा प्रश्न आहे. दुसरा मार्ग म्हणजे चमत्कार जसाच्या तसा इतिहासात दाखल करून त्यावर अभिमानाची गुढी उभारणे. कुंडाचे बर्फ का भंगले याचा साक्षीदार एकच आहे, आणि तो साक्षीदार ज्यासाठी तेथे गेला होता तेच त्याने पाहिले. एवढे म्हणून थांबावे. त्याच्या चालण्याविषयी, थंडीविषयी आणि निश्चयाविषयी मात्र शंका घेण्याचे कारण मला दिसत नाही. छातीपर्यंत बर्फ चढल्याचे वर्णन करणाऱ्याने त्याला अलंकार घातलेला नाही. बनावट गोष्टीत बर्फ इतके कंटाळवाणे नसते.

पुरोहितस्वामी १९३१ साली लंडनमध्ये होते. तेथे कवी स्टर्ज मूर यांच्यामुळे त्यांची विल्यम बटलर येट्स यांच्याशी ओळख झाली. स्वामींचे आत्मचरित्र येट्सच्या प्रस्तावनेसह १९३२ साली निघाले. आणि १९३४ साली, श्रीहंसांच्या मराठी प्रवासवृत्ताचे स्वामींनी केलेले इंग्रजी भाषांतर 'द होली माउंटन' या नावाने फेबर आणि फेबर या प्रकाशकांनी काढले. त्यालाही येट्सची दीर्घ प्रस्तावना आहे. नोबेल पारितोषिक मिळविलेला, सत्तरीला टेकलेला हा कवी एका मराठी यात्रेकरूच्या बर्फातील बैठकीवर पानेच्या पाने लिहितो, ही घटना साधी नव्हे. त्याच सुमारास त्याने 'मेरू' नावाचे सुनीत लिहिले. त्यात मेरूवर वा एव्हरेस्टवर, साठलेल्या हिमाखालच्या गुहांत बसलेले तपस्वी आहेत, आणि संस्कृतीच्या वैभवाकडे ते ज्या नजरेने पाहतात ती श्रीहंसांच्या वृत्तावाचून येट्सला सुचली असती असे मला वाटत नाही.

मेरू, कैलास आणि एव्हरेस्ट यांची सरमिसळ येट्सने खुशाल केली. डब्लिनहून ते सारे एकाच रेषेत दिसत असावेत. ते त्याला क्षम्य आहे. आपल्याला जे क्षम्य नाही ते हे की, मराठीत लिहिल्या गेलेल्या या प्रवासाची ओळख आजच्या मराठी वाचकाला येट्सच्या चरित्रकारांकडून होते. काकासाहेब कालेलकरांच्या बाबतीतही थोडे असेच झाले. साताऱ्यास जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये शिकलेले काकासाहेब १९१२ साली स्वामी आनंद आणि अनंतबुवा मर्ढेकर यांच्याबरोबर हिमालयातील तीर्थांची पायी यात्रा करून आले, आणि त्यांचा तो सुंदर प्रवासग्रंथ जन्मला तो गुजरातीत. गुजरातने तो डोक्यावर घेतला. आपण आपल्या चालणाऱ्या माणसांची किंमत दुसऱ्यांनी केल्यावर करतो, हा दोष जुना आहे.

राहिला माथ्याचा प्रश्न. १९०५ साली टॉम लाँगस्टाफ आणि ब्रोशेरेल बंधू गुर्ला मांधात्यावर चढत असता हिमप्रपाताने त्यांना हजारो फूट खाली ओढून नेले. ते जगले, रात्र बर्फाच्या खड्ड्यात काढली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर निघाले! माथा मात्र साधला नाही. १९२६ साली अल्मोड्याचे डेप्युटी कमिशनर ह्यू रटलेज, जे पुढे एव्हरेस्ट मोहिमांचे नेते झाले, पत्नीसह कैलासाची परिक्रमा करून आले. त्यांचे मित्र कर्नल विल्सन यांनी सेतेन या शेर्पाला घेऊन एक धार हेरली, पण हिमवर्षावाने त्यांना परतविले. नंतर १९८० च्या दशकात राइनहोल्ड मेस्नर यांना चिनी सरकारकडून चढाईची संधी देऊ करण्यात आली आणि त्यांनी ती नाकारली. जगातील आठ हजार मीटरांवरची चौदाही शिखरे प्रथम पुरी करणाऱ्या माणसाने हे सोडून दिले, यात सगळे आले. २००१ साली एका स्पॅनिश तुकडीच्या बेताची वार्ता पसरली तेव्हा जगभर निषेध झाला आणि या पर्वतावर चढाईला बंदी असल्याचे चीनने जाहीर केले. तिबेटी कथेप्रमाणे कैलासाच्या माथ्यावर एकच माणूस गेला आहे, तो म्हणजे योगी मिलारेपा. बोन-पंथाच्या नारो बोनचुंगशी पैज लागली असता तो पहाटेच्या पहिल्या किरणावर बसून क्षणात वर पोहोचला, अशी ती कथा. म्हणजे तेथेही पायांनी कोणी गेलेले नाही!

पायांनी जे झाले ते खाली, भोवती झाले. १८६६ साली पंडित नैनसिंग ल्हासाहून मानससरोवराच्या वाटेने परतला तो एकेक पाऊल मोजीत. त्याच्या जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि दर शंभर पावलांना तो एक मणी ओढी. लोक समजत जप चालला आहे. मोजणीखात्याला त्या जपातून नकाशा मिळाला.

१९५४ च्या भारत-चीन कराराने यात्रेकरूंची ही वाट कागदावर मान्य केली, आणि पुढे आठ वर्षांतच युद्धाने ती बंद पाडली. १९८१ साली लिपुलेखमार्गे ती पुन्हा उघडली. १८ ऑगस्ट १९९८ च्या रात्री मालपा येथे दरड कोसळून परिक्रमेला निघालेल्या एका तुकडीचे यात्रेकरू झोपेतच गाडले गेले. २०१५ साली सिक्कीममधील नाथुला हा दुसरा मार्ग मिळाला. २०२० पासून पाच वर्षे यात्रा झालीच नाही आणि २०२५ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा सुरू झाली. महाराष्ट्रातून आता यात्रेकरू गरम कपडे, प्राणवायूच्या नळकांड्या आणि वैद्यकीय दाखले घेऊन जातात. डोल्मा खिंड ओलांडून उतरताना गौरीकुंड उजव्या हाताला खाली दिसते. बहुतेक जण वरूनच हात जोडतात, कारण काठापर्यंतचा उतार तीव्र आणि दगडगोट्यांचा आहे, आणि संध्याकाळच्या आत मुक्काम गाठावयाचा असतो.